दुखऱ्या पावलाचे माप : पादत्राणांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हटला की संतांची चरित्रे, परिषदांचे ठराव, वसतिगृहांची उभारणी व कर्तृत्ववान पुरुषांचा गौरव ह्यांची वाचक अपेक्षा करतात, आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या धंद्यावरून आमच्या चर्मकार ज्ञातीला नाव पडले, त्या धंद्याचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. त्यातील एकच प्रकरण आम्ही येथे घेतले आहे. ज्याचे पाऊल दुखते त्याला सुखाने चालता यावे अशी वहाण कोणी केली, कशी केली, आणि ते ज्ञान पुढे कोणाच्या हाती गेले? नवी मुंबईत राहणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. सकाळी अंथरुणातून उठून फरशीवर पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ येते, असे सांगणारे माणूस आज बहुतेक इमारतीत निघते.

हे दुखणे नवीन नव्हे. सुश्रुताने ‘वातकंटक’ नावाचा विकार सांगितला आहे. पाऊल वेडेवाकडे पडल्याने वात तेथे आश्रय घेतो व काटा रुतावा तशी वेदना होते, असे त्याचे वर्णन. वाग्भटाने श्रमाचेही कारण त्यास जोडले. चरकाने तर सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, रोजच्या आचारधर्माचे विवेचन करताना, पादत्राण धारण करण्याचे गुण गायिले आहेत : ते पायांची पीडा हरण करते, डोळ्यांस व त्वचेस हितकर असते, बल देते. ग्रंथकारांनी पादत्राणाची महती सांगितली. ते करणाऱ्याविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. ही मौनाची परंपरा पुढे पुष्कळ शतके अबाधित चालली.

गावगाड्यात चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याची मोट त्याने शिवावी, वहाणा त्याने कराव्या, आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपले बलुते घ्यावे. ह्या व्यवस्थेत अन्याय किती होता ते आम्ही येथे उगाळीत बसत नाही. अस्पृश्य मानलेल्या माणसाने उच्चवर्णीयांच्या आळीतून जाताना पायातील वहाण काढून हाती घ्यावी, असा दंडक अनेक गावी होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. भाषेनेही हा दंडक पाळला. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण कोणास उद्देशून वापरली जाई हे वाचक जाणतातच. आणि गंमत अशी, की उपकाराची परमावधी सांगावयाची झाली म्हणजे हेच लोक ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ असे म्हणत. जोड्याचे मोल त्यांस ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

तथापि ह्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी पुढे हरपली. वहाण करणारा व ती घालणारा एकमेकांस ओळखत होते. कोणाचा अंगठा बाहेर वळलेला आहे, कोणाच्या टाचेला भेगा आहेत, कोण नांगरामागे एका अंगावर भार टाकून चालतो, हे चांभार पाहूनच जाणे. माप दोऱ्याने वा काडीने घेतले जाई, पण खरे माप डोळ्यांत असे. नवी वहाण तेल पाजून मऊ करावयाची, काही दिवस थोडी थोडी घालावयाची, आणि मग झाडाच्या सालीत कमावलेले ते कातडे पावलाच्या भाराने दबत दबत त्याच पावलाचा ठसा धारण करी. दुसऱ्याची जुनी वहाण आपल्याला टोचते त्याचे कारण हेच. तिच्या तळावर दुसऱ्याचे पाऊल कोरलेले असते.

ह्या कलेचे सर्वांत परिपक्व रूप म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल व हिरडा ह्यांत कमावलेले कातडे, वादीने घातलेले टाके, बाजूचे कान, अंगठा, वरची वेणी, आणि सबंध चपलेत एकही खिळा नाही. वेण्या घालणे व नाजूक शिलाई करणे हे काम बहुधा घरातील स्त्रियांचे, ही गोष्ट प्रदर्शनांच्या फलकांवर सहसा लिहिलेली नसते. २०१९ मध्ये ह्या चपलेस भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभले. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आले. पुढे जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन-प्रदर्शनात प्रादा नामक इटालियन कंपनीने ह्याच घाटाची चप्पल, मूळ स्थानाचा उल्लेख न करता, मांडली; त्यावर मोठा गदारोळ झाल्यानंतर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. आम्हांला त्या वादात शिरावयाचे नाही. आम्हांला एवढेच सुचवावयाचे आहे की चर्चा झाली ती घाटाची व किमतीची. त्या चपलेत खिळा का नाही, हे कोणीही विचारले नाही.

आता ज्ञाती-अभिमान क्षणभर बाजूस ठेवून हेही सांगितले पाहिजे की कोल्हापुरी प्रत्येक दुखऱ्या पायाला मानवत नाही. तिचा तळ सपाट व कठीण असतो, तळपायाच्या कमानीस खालून आधार नसतो, आणि ती पायात राहावी म्हणून बोटांनी तिला सतत धरून ठेवावे लागते. मातीच्या वाटेवर चालणाऱ्या निरोगी पावलाला हे सर्व सोसते, कारण जमीनच थोडी दबते. सिमेंटवर मात्र दबावयाचे काम टाचेलाच करावे लागते.

मापाचा जो संबंध तुटला तो यंत्राने. इंग्रजी पद्धतीत जोड्याचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, म्हणजे एका जवाच्या दाण्याएवढी लांबी. युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटर. दोन्ही पद्धती प्रामुख्याने लांबी मोजतात. रुंदी, कमानीची उंची, टाचेचा घेर ह्यांना सामान्य दुकानाच्या नंबरांत जागा नाही. १८८३ मध्ये अमेरिकेतील लिन गावी यान मॅट्झेलिगर ह्या सुरिनामहून आलेल्या कृष्णवर्णीय कारागिराने जोड्याचा वरचा भाग साच्यावर ताणून बसविणारे यंत्र शोधून काढले. तोवर हे काम केवळ कुशल हातांनीच होई. यंत्राने जोडे स्वस्त झाले, गरिबाच्या पायात जोडा आला, हे मोठे लोककल्याण होय आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकत्त्याजवळ बाटानगर उभे राहिले व पुढे रबरी हवाई चप्पल घरोघर गेली. किंमत खाली आली, आणि मापही खाली आले. पाऊल नंबरात बसले नाही तर दोष पावलाचा, अशी समजूत रूढ झाली.

ह्या समजुतीला खरा धक्का बसला तो तमिळनाडूतील वेल्लोर येथे, आणि तोही अशा रुग्णांच्या निमित्ताने की ज्यांचे पाऊल दुखतच नव्हते. डॉ. पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ सालचा, कोल्ली डोंगरात काम करणाऱ्या मिशनरी दांपत्याच्या पोटी. १९४६ मध्ये ते शल्यविशारद म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढील वर्षी डॉ. रॉबर्ट कॉक्रेन ह्यांच्यासमवेत चिंगलपेटच्या कुष्ठाश्रमास त्यांनी भेट दिली आणि तेथील हातपाय पाहून ते अस्वस्थ झाले. कुष्ठरोगाने मांस कुजते व बोटे झडतात, असे त्या काळी वैद्य-डॉक्टरही मानीत. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की रोग मज्जातंतू मारतो; संवेदना गेली की माणूस निखाऱ्यावर हात ठेवतो, काट्यावर चालतो, जखमेवरच भार देऊन मैलोगणती जातो, आणि नाश होतो तो ह्या दुर्लक्षित इजांनी. आपल्याला जो पाय दुखतो तो आपण नकळत जपतो, लंगडतो, क्षणभर थांबतो. बधिर पाय थांबत नाही. वेदना ही शरीराची राखण होय, हा विचार ब्रँड ह्यांनी पुढे जन्मभर मांडला व १९९३ मध्ये फिलिप यान्सी ह्यांच्यासह त्यावर एक ग्रंथही लिहिला.

रुग्णालयात विश्रांतीने व प्लास्टरने तळपायाचे व्रण भरून येत. रुग्ण गावी जाई, अनवाणी वा साध्या चपलेने चालू लागे, आणि व्रण पुन्हा उघडे. तेव्हा वैद्यक संपले आणि चांभारकाम सुरू झाले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुष्कळ प्रयोगांती जे पादत्राण सिद्ध झाले त्याची रचना आमच्या धंद्यातील वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी. पायाला लागून सूक्ष्म छिद्रांच्या रबराचा जाड थर, त्याला ‘एम.सी.आर.’ म्हणतात. त्याची मृदुता शोअर मापावर सुमारे पंधरा अंश, म्हणजे अंगठा व बोट ह्यांच्या चिमटीत दाबला असता जाडी निम्म्यावर यावी इतकी. त्याहून मऊ असेल तर तो लवकरच चपटा होऊन निरुपयोगी ठरतो. त्याच्या खाली कठीण रबराचा तळ, म्हणजे काटा व काच आत शिरू नये; पुष्कळ ठिकाणी ह्यासाठी मोटारीच्या जुन्या टायरचा उपयोग झाला. टाचेमागे पट्टा, कारण दुर्बळ झालेली बोटे चप्पल धरू शकत नाहीत. अंगठ्यात अडकणारी वादी नको, कारण तिने बोटांच्या बेचक्यात जखम होते. आणि खिळा एकही नको, कारण वर आलेल्या खिळ्याची वार्ता बधिर पाऊल धन्यास कळवीत नाही. टाके घालावे वा डिंक लावावा, परंतु खिळा वर्ज्य. शेकडो वर्षे आमच्या कारागिरांनी कोल्हापुरीत जो नियम पाळला, तोच येथे शस्त्रक्रियेच्या बरोबरीचा ठरला.

वेल्लोरजवळच्या करिगिरी येथे १९५५ पासून ह्या कामास संशोधन-केंद्राची जोड मिळाली. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले, आणि तेथे त्यांचे लक्ष दुसऱ्याच रुग्णांकडे वेधले. मधुमेह्यांचे पायही असेच बधिर होतात, तसेच व्रण पडतात, तसेच पाय कापावे लागतात. कुष्ठरुग्णासाठी भारतात जमविलेले ज्ञान अशा रीतीने जगभरच्या मधुमेह्यांच्या कामी आले. २००३ मध्ये ब्रँड निवर्तले.

आपल्या महाराष्ट्रात वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९० पासूनचे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ ह्यांच्या पुढाकाराने ते निघाले. आणि जाता जाता सांगावयास हरकत नाही की हेच ॲकवर्थ साहेब शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे रसिक होत. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये सुरू झाली; तेथील कार्यशाळेत कृत्रिम अवयव व दुखऱ्या पायांसाठी मापाची पादत्राणे तयार होतात. ह्या कामातील एक कटू अनुभव नमूद केला पाहिजे. सरकारी व धर्मादाय केंद्रांतून मिळणाऱ्या त्या काळ्या, एकसारख्या चपला लोक दुरून ओळखू लागले. चप्पल दिसली की ‘हा रोगी’ असे बोट दाखविले जाई, म्हणून रुग्ण त्या घरात ठेवून अनवाणी बाहेर पडत आणि पाय गमावीत. पुढे शहाण्या कार्यशाळांनी रंग, पट्टे व घाट बदलून बाजारातल्यासारख्याच चपला करावयास आरंभ केला. पायातील वस्तूवरून माणसाची पायरी ठरविण्याची जी खोड समाजाला आहे, तिचा अनुभव आमच्या ज्ञातीला दुसऱ्या बाजूने आहेच.

ह्या सर्वांचा नवी मुंबईशी संबंध काय, असे कोणी विचारील. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा ह्या शहराच्या नियोजित जागी आगरी-कोळ्यांची ९५ गावे, भातखाचरे, खाजणे व मिठागरे होती. तेथील माणसे चिखलातून व मिठातून अनवाणी चालत. त्यांच्या पायांना भेगा होत्या, कष्ट होते, पण जमीन मऊ होती. पुढे मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशी येथे आले, १९९२ मध्ये खाडी ओलांडून लोकलगाडी वाशीस पोहोचली, आणि दोन पिढ्यांच्या आत येथील माणसाचे पाऊल मातीवरून सिमेंटवर आले. बाजारसमितीत पोती वाहणारे माथाडी, दारावर बारा-बारा तास उभे असलेले पहारेकरी, रुग्णालयांतील परिचारिका, चार घरच्या गुळगुळीत लाद्यांवर सकाळपासून वावरणाऱ्या घरकाम करणाऱ्या भगिनी, ह्यांच्या टाचा जर बोलू लागल्या तर शहराचा एक निराळाच इतिहास लिहून होईल.

सकाळच्या पहिल्या पावलाला येणारी ती कळ बहुधा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेल्या जाड पडद्याच्या ताणामुळे असते. क्ष-किरणात हाड वाढलेले दिसले की लोक घाबरतात, परंतु तसे वाढलेले हाड न दुखणाऱ्या टाचांतही आढळते. पोटरीचे स्नायू ताणण्याचा व्यायाम व योग्य पादत्राण ह्यांनी बहुतेकांस काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, उतार पडतो. येथे ‘मऊ ती चांगली’ हा समज घातक आहे. दुखऱ्या टाचेच्या चपलेस टाचेखाली गादी हवी, पण कमानीखाली टणक आधार हवा. चप्पल हाती घेऊन वाकविली तर ती बोटांच्या सांध्याशी वाकावी, मधोमध नव्हे. आणि मागे पट्टा असावा, म्हणजे बोटांना ती धरण्याची शिक्षा नको. मात्र पाय दुखण्याऐवजी बधिर झाला असेल, मुंग्या येत असतील, चप्पल कधी गळून पडली हे कळत नसेल, तर मधुमेहाची तपासणी आधी करावी. डॉक्टर दहा ग्रॅम भाराच्या नायलॉनच्या तंतूने तळपाय तपासतात; तो स्पर्श कळला नाही तर वर वर्णिलेल्या वेल्लोरच्या जातीची चप्पल लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, हे ध्यानी घेता ही गरज किती मोठी आहे ते सांगणे नलगे.

मग ही चप्पल करावयाची कोणी? जर्मनीत बिर्केनस्टॉक घराण्याचा मूळ पुरुष १७७४ च्या चर्च-दप्तरात चांभार म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या वंशजांनी पावलाच्या आकाराची तळगादी बनविली व १९६३ मध्ये तिच्यावर बेतलेली सँडल बाजारात आणली, जी आज जगभर दुखऱ्या पायांचे लोक शोधीत असतात. त्या देशात वैद्यकीय जोडे करणारा चांभार हा रीतसर परीक्षा दिलेला मेस्त्री असतो आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याने केलेल्या जोड्याचा बराचसा खर्च आरोग्यविमा सोसतो. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने पुनर्वसन-तंत्रज्ञांची नोंदणी सुरू झाली, पदव्या निघाल्या. हे चांगलेच झाले. परंतु ज्याच्या हाताला चिमटीत दाबून रबराची जात कळते, तो गटई कामगार ह्या शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंतही पोचलेला नाही. आमच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाची स्थापना १९७४ ची. सरकारी योजनेतून गटई कामगारांना लोखंडी पत्र्याचे स्टॉल मिळाले, ऊनपावसात बसणाऱ्या कारागिराच्या डोक्यावर छप्पर आले. ह्या उपकाराचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तथापि स्टॉलसोबत पाऊल मापण्याचे व वैद्यकीय पादत्राण करण्याचे शिक्षण मिळते तर त्याच चार फुटांत रस्त्यावरचा दवाखाना उभा राहिला असता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ह्या बाबतीत एक शुभचिन्ह अलीकडेच दिसले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मापली. भारतीयांचे पाऊल युरोपीय व अमेरिकी लोकांच्या पावलापेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असते, म्हणून रुंदी मिळावी ह्यासाठी आपण लांबीने मोठा जोडा घेतो आणि तो आत घसरून टाच दुखवितो, असे त्यातून निष्पन्न झाले. त्यावरून ‘भा’ नावाची स्वदेशी मापपद्धती सुचविण्यात आली, हे वृत्त २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या आजोबांनी काडी-दोऱ्याने जे जाणले होते त्यावर शेवटी लाख पावलांची साक्ष पडली!

तोवर वाशी, नेरूळ, पनवेल येथील स्टेशनांबाहेर बसणारे आमचे बांधव जे करू शकतात ते थोडके नाही. तयार चपलेस मागचा पट्टा शिवणे, झिजलेली टाच एका बाजूने उचलून सरळ करणे, कमानीखाली रबराचा तुकडा तासून बसविणे, वर आलेला खिळा उपटून तेथे टाका घालणे, ही कामे सांगितल्यास ते चोख करून देतात. ती सांगावयाची असतात हेच गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. असे काम सांगावयाचे असेल त्याने सायंकाळी जावे, कारण दिवसभराच्या उभ्या कामाने पाऊल सुजते व सकाळचे माप संध्याकाळी खोटे ठरते. जाड कागद बरोबर न्यावा. बसून नव्हे, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे, आणि कारागिराला दोन्ही पावलांभोवती पेन्सिल उभी धरून रेघ ओढू द्यावी. बहुतेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठे असते, माप त्याचे धरावे. कागदावर जेथे दुखते तेथे फुली करावी आणि तो कागद स्टॉलवरच ठेवून यावा, म्हणजे पुढच्या जोडाच्या वेळी उपयोगी पडतो.